परांची: इतके बारीक पाईप एवढा भार पेलतात कसे?

खिडकीतून
समोरच्या सात मजली इमारतीला गेले दहा दिवस परांची चढतेय आणि मी घरून काम करायचं सोडून तेच बघत बसलेय. मला वाटलं होतं दोन दिवसांत पाईप उभे करतील आणि प्लॅस्टर ठोकायला लागतील, पण हे परांची बांधणं म्हणजेच एक वेगळं बांधकाम निघालं. एक जण खाली, एक मध्ये, दोघं वर, पाईप हातोहात वर सरकतो आणि एक शब्द बोलत नाहीत एकमेकांशी.
तर प्रश्न असा की पाईप जेमतेम मनगटाएवढे, जमिनीत खड्डाबिड्डा काही खणलेला नाही, खाली नुसता एक चौकोनी पत्रा आणि त्याखाली फळी. मग हे सगळं कोसळत कसं नाही? आणि ते तिरके पाईप कशाला, त्यावर तर कोणी उभंही राहत नाही, उलट जायच्या यायच्या वाटेत येतात. जाणकारांनी सांगा, इथे कोणीतरी साईटवरचं असेलच.

बोका
कोसळत नाही कारण इमारतीला टेकलीये :) रांगेत उभं राहून कंटाळलेला माणूस कसा भिंतीला टेकतो तसं.

ओळंबा
बोक्याने गंमत केली पण उत्तर निम्म्याहून जास्त बरोबर आहे, फक्त "टेकलीये" नाही, "बांधलीये". टेकलेली वस्तू बाहेरच्या बाजूला पडू शकते आणि परांची पडते तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच पडते.

आता पाईपचं. हा पाईप जगात बहुतेक ठिकाणी एकाच मापाचा असतो, बाहेरून ४८.३ मिलिमीटर, जाडी साधारण ३.२ किंवा ४ मिमी. सहा मीटरचा ४ मिमीवाला एक नग २६ किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे ते दोघं वर गप्प असतात यात नवल नाही, बोलायला दम कुठे असतो. असा पाईप सरळ उभा ठेवून वरून दाबला तर चिरडायला प्रचंड भार लागेल. पण तो चिरडत नाहीच, तो बाजूला फुगतो. प्लॅस्टिकची फुटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने दाबा, मोडायच्या आधी ती कमरेत वाकते, बरोबर? आता तिला मधोमध दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा आणि परत दाबा. तीच पट्टी, तेच बोट, पण आता कितीतरी जास्त जोर सहन करते. हे गणित ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडून ठेवलंय, की मधला मोकळा भाग दुप्पट लांब झाला की पाईपची झेपणारी मर्यादा निम्मी नाही, पाव होते. तिप्पट झाला तर नववा हिस्सा.

म्हणून उभ्या पाईपला दर दोनेक मीटरवर आडवा पाईप. तो माणसांना उभं राहायला तर आहेच, पण त्याचं मोठं काम उभ्याला कमरेत धरणं हे आहे. आणि तिरक्याचं म्हणाल तर चार काड्या चार टाचण्यांनी जोडून चौकट करा आणि कोपऱ्याला ढकला, चौकोनाचा पतंग होतो. एक काडी तिरकी टाका, मग ढकलून दाखवा. वाया जाणारं मटेरियल वाटतं ना ते, अख्खी परांची त्याच्या जिवावर उभी असते.

खिडकीतून
फुटपट्टीचा प्रयोग केला!! मुलाची होती, मोडली, त्याने घर डोक्यावर घेतलंय. पण कळलं.

मुक्काम_साईट
ओळंबा काकांनी थिअरी छान सांगितली, मी बांधणाऱ्यांपैकी आहे (आता सुपरव्हायझर, आधी सहा वर्षं वर चढणारा) म्हणून हाताने काय करतो ते लिहितो.

सुरुवात वर नाही, खाली होते. आधी जमीन बघायची, भराव आहे का, गटाराचं झाकण आहे का, नळाचं पाणी मुरतंय का. मग जाड फळी, तिच्यावर बेस प्लेट, साधारण १५० बाय १५० मिमीची, त्यावर उभा पाईप. जमीन वरखाली असेल तर जॅक, म्हणजे आट्यांचा दांडा फिरवून उंची जुळवायची. विटांचे तुकडे खाली घालून लेव्हल काढणारे महाभाग भेटतात, वीट भाराखाली फुटली की त्या पायाचा भार शेजारच्या पायावर जातो आणि मग तोही विचार करायला लागतो.

पहिला मजला ओळंब्यात आणि लेव्हलमध्ये बसला की पुढचं सोपं. पहिला वाकडा असेल तर सातव्यावर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. उभ्या पाईपचे जोड सगळे एकाच उंचीवर येऊ द्यायचे नाहीत, शेजारशेजारचे मागेपुढे ठेवायचे, म्हणून सुरुवातीलाच लहानमोठ्या लांबीचे पाईप आळीपाळीने लावतात. तुम्हाला खिडकीतून ते अर्धवट, ओबडधोबड दिसलं असेल, ते मुद्दाम असतं.

क्लॅम्पमध्ये पण जात असते. काटकोनातला फिक्स क्लॅम्प वेगळा, तो भार घेतो. फिरणारा म्हणजे स्विव्हल, तो तिरक्या पाईपला. घाईत पेटीतून हाताला येईल तो घेऊन आडव्याला स्विव्हल मारणारा पोरगा मी स्वतः खाली उतरवलाय. आणि नट किती आवळायचा, तर साधारण ५० न्यूटन मीटर, म्हणजे नेहमीच्या परांचीच्या पान्याने मजबूत हाताने आवळलेला. पान्याला पाईप लावून लांबी वाढवून आवळणारे असतात, त्यांना वाटतं जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्कं, बोल्टच्या आट्या सोलवटतात आणि पुढच्या वेळी तोच क्लॅम्प दगा देतो.

वाळूचे_घड्याळ
जाता जाता, हा क्लॅम्प फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लंडनमध्येसुद्धा लाकडी वासे दोराने बांधत. डॅनियल पामर जोन्स नावाच्या माणसाने दोराऐवजी लोखंडी जोड काढला, १९१३ मध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या कामाला तो वापरला आणि मग त्याचं नाव झालं.
आणि त्याच्याही कितीतरी मागे जायचं तर फ्रान्समधल्या लास्को गुहेत भिंतीत खोबणी सापडल्यात, उंचावरची चित्रं काढायला तिथे लाकडं खोचून माळा केला असावा असं मानतात. म्हणजे चित्रकाराच्या आधी परांचीवाला आला.
मायकेलअँजेलोची गोष्ट तर भारीच. सिस्टीन चॅपेलचं छत रंगवायला आधी ब्रामांते या वास्तुविशारदाने दोरांनी टांगलेली परांची सुचवली, तर याने विचारलं की दोरांसाठी छताला पाडलेली भोकं नंतर कोण रंगवणार? मग त्याने बाजूच्या भिंतींतून वर आधार काढून स्वतःची परांची बनवली. आणि तो उताणा झोपून रंगवायचा ही थाप आहे, उभ्याने मान वर करून रंगवायचा.

बोका
मानेचा मणका गेला असेल. आपल्याला मोबाईलने गेला, त्याला छताने.

चौथी_पायरी
सेफ्टीत आहे, राहवत नाही म्हणून लिहितेय. वर सगळे उभ्या भाराबद्दल बोलताय पण फळीवर किती ठेवायचं हे कोणी काढलं नाही. तिथेच सगळा घोळ असतो कारण परांची बांधणारा निघून जातो आणि वापरणारे दुसरे येतात, त्यांना ती म्हणजे फुकटची गॅलरी वाटते.

युरोपातल्या मानकात परांचीचे भारानुसार सहा वर्ग आहेत, सगळ्यात हलका ०.७५ किलोन्यूटन दर चौरस मीटर, म्हणजे माणूस नुसता बघायला जाईल एवढाच, आणि सगळ्यात जड ६. नेहमीच्या कामाला तिसरा वर्ग धरतात, २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो चौरस मीटरला. आता दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंदीचा एक खण (उभ्या पाईपांमधला एक भाग) घ्या, जवळपास पावणेपाचशे किलो झाले. दोन माणसं अवजारांसकट दोनशे धरा, मालाची दोन घमेली पन्नास. उरले सव्वादोनशे. वीट तीन किलोची धरली तर पंचाहत्तर विटा. फक्त पंचाहत्तर! आणि मी खणात अडीचशे विटा रचलेल्या बघितल्यात, वर विचारलं तर उत्तर, मॅडम सारखं कोण खालीवर करणार.

अमेरिकेत नियम आहे की परांचीने स्वतःचं वजन अधिक ठरलेल्या भाराच्या चौपट पेललं पाहिजे. लोक हे ऐकतात आणि म्हणतात बघा, चौपट तर चालतंच. अहो ती चौपट तुमच्या विटांसाठी नाहीये, ती गंजलेल्या पाईपसाठी, ढिल्या क्लॅम्पसाठी, वाऱ्यासाठी आणि कोणीतरी काढून नेलेल्या तिरक्या पाईपसाठी राखून ठेवलीये.

ओळंबा
+१ शेवटच्या वाक्याला. तिथेच यायचं होतं मला.

एका साईटवरचं सांगतो, नाव गाव राहू द्या. परांची व्यवस्थित बांधलेली, तपासलेली, वापरायला हरकत नाही असा हिरवा टॅग लावलेला. तीन आठवड्यांनी खिडक्या बसवणारे आले. परांचीचे टाय, म्हणजे इमारतीला बांधलेले पाईप, खिडकीच्या गाळ्यातून आत गेलेले. त्यांना चौकट बसवायची म्हणून त्यांनी त्यांच्यापुरता एक टाय काढला. त्यांच्या दृष्टीने एकच पाईप. पुढच्या गाळ्यात दुसरा. असं करत एका उभ्या रांगेतले चार मजल्यांचे टाय गेले आणि कोणीही काहीही मोठं चुकीचं केलं असं नाही. त्याच आठवड्यात धूळ उडू नये म्हणून हिरवी जाळी लावली. जाळी म्हणजे शिडाच्या जहाजाचं शीडच, वारा आरपार जायचा तो आता अडायला लागला. संध्याकाळी वारं सुटलं आणि परांची वरून हातभर बाहेर आली. पडली नाही, खालच्या टायनी धरलं, आणि सुट्टी झालेली असल्यामुळे वर कोणी नव्हतं. मी खाली उभा होतो. तो आवाज अजून आठवतो, पाईपचा नाही, क्लॅम्प सरकतानाचा.

तेव्हापासून परांची दिसली की पाईप बघत नाही, टाय मोजतो. बायको म्हणते दुसऱ्यांच्या इमारतीचे खांब कशाला मोजता.

मुक्काम_साईट
काका अंगावर काटा आला.
टायबद्दल थोडं, एक प्रचलित पद्धत म्हणजे उंचीला दर चार मीटरच्या आत आणि आडवं एक सोडून एका उभ्या पाईपला. जाळी किंवा कापड लावणार असाल तर जास्त. हल्ली आम्ही खिडकीतून टाय घेणं टाळतो, भिंतीत ड्रिल करून अँकर ठोकतो आणि त्यातले काही ओढून तपासतो, मग खिडकीवाला, रंगारी कोणीही आला तरी त्याला अडचण नाही. आपला माणूस चुकीचं वागेल हे धरूनच बांधायचं.

पुस्तकी_किडा
मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परांची आणि शटरिंगचे टेकू एकच का? आमचे सर दोन्हीला स्कॅफोल्डिंगच म्हणतात. आणि कपलॉक वगैरे काय असतं?

ओळंबा
सामान एकच असू शकतं, काम वेगळं. परांची माणसांना आणि थोड्या मालाला कामापर्यंत पोचवते. टेकू ओल्या काँक्रीटला धरतात, आणि ओलं काँक्रीट चौरस मीटरला दीडशे मिलिमीटरच्या स्लॅबलाच पावणेचारशे किलो होतं. परांचीच्या हिशोबाने टेकू लावले तर संपलंच. सरांना सांगू नकोस मी म्हटलं म्हणून.

कपलॉकमध्ये उभ्या पाईपला दर अर्ध्या मीटरवर वाटीसारखा खालचा कप पक्का वेल्ड केलेला असतो, आडव्याचं पातं त्यात टाकायचं आणि वरचा सरकता कप हातोडीने फिरवून आवळायचा. एका जागी चार बाजूंनी चार आडवे. नट नाही बोल्ट नाही, त्यामुळे हरवायला काही नाही. रिंगलॉकला वाटीऐवजी आठ भोकांची चकती आणि पाचर, जर्मनीच्या लायर कंपनीने १९७४ मध्ये ती पद्धत आणली. एच फ्रेम म्हणजे तयार चौकटी आणि कातरीसारख्या फुल्या, सरळसोट भिंतीला झटपट. पण इमारत वाकडीतिकडी असेल, कमानी, घुमट, छज्जे, तर शेवटी सुटे पाईप आणि क्लॅम्पच.

खिडकीतून
बांबूचं राहिलं! इथे तर लोखंडीच आहे पण बांबूची बघितलीये, ती बांधणारे तर अनवाणी चढतात.

मुक्काम_साईट
बांबूला नावं ठेवू नका, वजनाच्या मानाने बांबू फार ताकदवान असतो आणि पडला तर पाईपइतका जीवघेणा नाही. पण दोन बांबू सारखे नसतात, भेग कुठे आहे, कीड कुठे आहे हे हाताने आणि नजरेने ओळखावं लागतं, आणि गाठ सुकली की ढिली होते. ते कसब असलेली माणसं कमी होत चालली. हाँगकाँगमध्ये गगनचुंबी इमारतींना बांबूच असायचा, नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधलेला. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की नवीन सरकारी इमारतींच्या निम्म्या तरी कामांना धातूची परांची हवी.

चौथी_पायरी
आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे ताई पो भागात वसाहतीला ती भयंकर आग लागली. सगळीकडे आधी बांबू बांबू झालं, पण आग पसरण्यात परांचीवरची जाळी आणि खिडक्यांवर चिकटवलेले फोमचे तक्ते यांचा मोठा हात असल्याचं पुढे आलं. जाळी घेताना ती सहज पेट न घेणारी आहे का हे विचारा, एवढंच म्हणेन.

वाळूचे_घड्याळ
आगीवरून पॅरिसचं नोत्र दाम चर्च आठवलं. २०१९ मध्ये आग लागली तेव्हा शिखराभोवती दुरुस्तीसाठी परांची होतीच. जवळपास ४० हजार नग, वरच्या भागाचं वजन २०० टनांच्या घरात, आणि उष्णतेने पाईप एकमेकांना चिकटून एक गोळा झाला. आता तो काढायचा कसा, कारण एक पाईप कापला तर उरलेला ढीग कुठे सरकेल सांगता येत नाही आणि खाली कमानी आधीच अर्धमेल्या. मग त्या परांचीला पट्टे मारून जखडलं, बाजूने दुसरी परांची उभी केली, आणि दोरावर लटकलेल्या माणसांनी एकेक पाईप कापून काढला. २०२० च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत. परांचीसाठी परांची!
उलट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला १९८४ ते ८६ च्या दुरुस्तीत जी ॲल्युमिनियमची परांची लावली ती पुतळ्याला कुठेही बांधायची नव्हती, तांब्याचा पत्रा पातळ. स्वतःच्या पायावर उभी, पुतळ्यापासून अर्धाएक मीटर लांब.

बोका
म्हणजे टेकलीपण नव्हती. माझी थिअरी गेली.

पुस्तकी_किडा
पण टाय भिंतीत पक्के आहेत म्हणजे काळजी मिटली ना?

चौथी_पायरी
भिंत कशाची आणि कधीची यावर. १९७८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंडला एक कूलिंग टॉवर बांधत होते. परांची जमिनीवरून उभी नव्हती, टॉवरच्याच काँक्रीटला बोल्टने लटकवलेली, टॉवर वर जाईल तशी तीही वर. आदल्या दिवशी ओतलेल्या थराला ती धरलेली, हवा थंड, काँक्रीट पुरेसं कडक झालेलं नाही, त्याची तपासणीही केली नाही. दुसऱ्या दिवशी वर माल खेचायला लागले आणि तो थर सोलून निघाला, त्याच्यासोबत परांची गोल फिरत पूर्ण उतरली. ५१ माणसं गेली. मुख्य कारण हेच, की जिला धरलं होतं ती गोष्टच अजून तयार नव्हती.

आणि हार्नेसबद्दल, कारण आता कोणीतरी म्हणेल पट्टा लावला की झालं. दोन मीटरचा दोर, झटका शोषणारी पिशवी उघडली की आणखी दीडपावणेदोन मीटर, माणसाची उंची, थोडी शिल्लक, सगळं मिळून खाली सहासाडेसहा मीटर मोकळे लागतात. दुसऱ्या मजल्यावर पायाशी हूक अडकवून काम करणारा माणूस पट्ट्यासकट जमिनीवर येईल. हूक डोक्याच्या वर. आणि लटकलेल्याला लवकर खाली घ्यायची सोय आधी, कारण पट्ट्यात नुसतं लटकून राहणंही धोक्याचं असतं.

खिडकीतून
ऐका, आता घाबरवलंत तुम्ही सगळ्यांनी. आज दुपारी बघितलं, दुसऱ्या मजल्याच्या लेव्हलला कोपऱ्यातला तिरका पाईप गायब आहे, काल होता, माझ्याकडे फोटो आहे. तिथून ते घमेली आत घेतात. सांगू का कोणाला? मी कोण लागून गेले?

ओळंबा
तिथे चढू नका, कामगारांवर ओरडू नका, सरळ साईटच्या सुपरव्हायझरला फोटो दाखवा. कोपऱ्यातला आणि तोही खालचा म्हणजे महत्त्वाचा.

मुक्काम_साईट
मी सुपरव्हायझर म्हणून सांगतो, शेजारच्या खिडकीतून कोणी सांगितलं तर आधी राग येतो, पाच मिनिटांनी जाऊन बघतो, आणि मग मनातल्या मनात आभार मानतो. दाखवा.

खिडकीतून
दाखवला. आधी म्हणाले ताई तुम्हाला काय कळतं, मग मी म्हटलं चौकोनाचा पतंग होतो. गप्प झाले. वर बघितलं, एकाला हाक मारली, अर्ध्या तासात पाईप परत आणि घमेल्यांसाठी पलीकडच्या खणात वाट काढली.

बोका
ताईंना हेल्मेट द्या कोणीतरी.

खिडकीतून
धागा वर काढतेय, दोन महिन्यांनी. परांची उतरतेय! वरून खाली, बांधली त्याच्या बरोब्बर उलट्या क्रमाने. टाय अगदी त्या त्या मजल्याचं बाकी सगळं निघाल्यावर काढतात, आधी मला वाटलं विसरले. पाईप कोणी फेकत नाही, दोराने सोडतात. आणि प्लॅस्टरवर बारीक गोल ठिगळं दिसतायत, तीच ना अँकरची भोकं बुजवलेली? माझ्या बाजूची मोजली, चोवीस.

ओळंबा
तीच. सात मजले आणि वर जाळी होती ना, मग चोवीस कमी वाटतात. अगदी कडेची, पाण्याच्या पाईपमागची, ती धरलीत का?